डोक्याचा मार, आठवण आणि घरची वही



या पानावर मी नेहमी बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा आणि हुमणी यांबद्दल लिहितो. या खेपेला विषय निराळा आहे, पण तो आपल्याच फडांतला आणि आपल्याच रस्त्यांवरचा आहे. हंगाम सुरू झाला की रात्रीच्या अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या राहतात आणि मोटरसायकलवाला मागून येऊन आदळतो. कोणी भरलेल्या ट्रॉलीवर दोर आवळताना वरून खाली येतो. कोणाचा पाय विहिरीच्या पायरीवरून निसटतो. डोक्याला मार लागतो, दवाखाना होतो, टाके निघतात आणि माणूस आपल्या पायांनी घरी येतो. गाव म्हणते, वाचला बिचारा. वाचला हे खरेच, पण पुढे घरात काय वाढून ठेवले आहे याची कल्पना घरच्यांना कोणी दिलेली नसते. त्यासाठी हा लेख.

तातडीचे तेवढे आधी सांगून टाकतो. डोक्याला मार लागल्यावर माणूस बेशुद्ध झाला, पुन्हा पुन्हा उलट्या होऊ लागल्या, झोप अनावर झाली, बोलणे अडखळू लागले, झटका आला, डोकेदुखी वाढतच चालली किंवा एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसू लागली, तर लागलीच १०८ ला फोन करावा. ‘पडू दे जरा, सकाळी बघू’ असे म्हणू नये. कवटीच्या आत रक्त साठत असेल तर ते काही तासांनीही जाणवू शकते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला तर मार किरकोळ वाटला तरी दाखवलेच पाहिजे. केसपेपरावर ‘जीसीएस’ म्हणून ३ ते १५ मधला एक आकडा लिहिलेला असतो. ते शुद्धीचे माप आहे. ग्लासगो शहरातील टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ते १९७४ साली बसवून दिले. १५ म्हणजे पूर्ण शुद्ध. आकडा जितका कमी तितकी बेशुद्धी खोल. हा आकडा घरच्यांनी लिहून ठेवावा.

दुसरे एक माप घरच्यांनाच घेता येते. मार लागल्यापासून माणसाला रोजचे सलग आठवू लागेपर्यंत किती दिवस गेले, ते माप. यात फसगत अशी होते की माणूस डोळे उघडतो, बायकोला नावाने हाक मारतो, चहा मागतो, आणि आपण म्हणतो शुद्धीवर आला. पण काल भेटायला कोण आले होते ते त्याला सांगता येत नाही. ज्या दिवसापासून आदल्या दिवसाचे आपणहून आणि बिनचूक सांगू लागतो, ती तारीख टिपून ठेवावी. हा मधला काळ एका दिवसाच्या आत असेल तर साधारणपणे आशा चांगली. आठवड्याच्या वर गेला असेल तर मार भारी समजतात, आणि घरच्यांनी लांब पल्ल्याची तयारी ठेवावी. बहुतेकांना लागलेला मार हलकाच असतो आणि काही आठवड्यांत माणूस पूर्ववत होतो, हेही सांगितले पाहिजे. विनाकारण घाबरून जाऊ नये.

आता भारी मार लागलेल्या माणसाबद्दल. आमच्या गटात असे एक सभासद आहेत. नाव देत नाही. वय चाळिशीच्या आतबाहेर, दोन एकर ऊस, हाताने कष्ट करणारा गडी. अपघातानंतर घरी आले ते हातपाय धड, बोलणे ठीक. पण सकाळी युरिया टाकला आणि दुपारी त्याच सरीत पुन्हा पोते सोडले. मोटर चालू करून घरी येऊन बसले. पाटाचे पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरले आणि भांडण झाले. पारावर लोक म्हणू लागले, हा सोंग करतोय, कामाला चुकारपणा करतोय. कोणी म्हणाले बाहेरचे झाले आहे. कोंबडे झाले, अंगारे झाले, पैसा गेला. मी लागणीची नोंद घ्यायला गेलो तेव्हा अर्ध्या तासात त्यांनी मला लागणीची तारीख तीन वेळा विचारली. तेच गृहस्थ बांधावर उभे राहून शेजारच्या फडाकडे बघत म्हणाले, हा २६५ आहे, ८६०३२ न्हवं. बरोबर होते. मग कोयता घेऊन बेणे तोडायला बसले. दोन डोळ्यांची टिपरी, काप स्वच्छ, एकही डोळा दुखावलेला नाही. तासाभराने मी विचारले, “आज काय काम झालं?” तर म्हणाले, “आज काय बी न्हाई झालं, साहेब. बसूनच हाय.” मागे टिपऱ्यांचा ढीग पडलेला होता.

वहिनी म्हणाल्या, “सकाळी सांगितल्यालं दुपारी ध्यानात ऱ्हात न्हाई, आन बेणं बघा कसं एकसारखं तोडलंय. ह्ये सोंग न्हाई तर काय?”

हे सोंग नाही, आणि का नाही ते समजून घेण्यासारखे आहे.

आपण ‘आठवण’ हा एकच शब्द वापरतो, पण मेंदूत आठवणींची खाती वेगवेगळी आहेत. कारखान्याचाच दाखला घ्या. वजनकाट्यावर गाडी उभी आहे तोवर आकडा दिसतो. गाडी खाली उतरली की काटा शून्यावर. मधल्या वेळात कारकुनाने नोंद घेतली तर ते वजन राहते, नाही तर गेले. मागच्या हंगामांच्या वह्या कपाटात असतात, त्यांना कारकुनाच्या आजच्या रजेने काही होत नाही. आणि ट्रॅक्टरवाला भरलेली ट्रॉली मागे घेत घेत अचूक जागेवर लावतो, ती कला तर कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. ती त्याच्या हातापायांत असते.

माणसाच्या मेंदूतही दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, करंगळीएवढा एक वाकडा भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. तो हा नोंद घेणारा कारकून. आपण बोलत असताना चालू वाक्य ध्यानात राहते, तो काट्यावरचा आकडा. जुनी माहिती, म्हणजे उसाच्या जाती, शिवेचे बांध, सोयऱ्यांची नावे, त्या कपाटातल्या वह्या. बेणे तोडणे, सायकल चालवणे, गाठ मारणे ही हाताची आठवण मेंदूच्या निराळ्या भागांकडे असते. कारकूनच जायबंदी झाला, तर बाकीचे सारे शाबूत असून आजचा दिवस तेवढा लिहिला जात नाही. आमच्या सभासदांना ऊस ओळखता आला आणि बेणे तोडता आले, पण तोडल्याचे आठवले नाही, ते यामुळे.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही सहजासहजी कळलेली नाही. अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाचा एक तरुण होता. त्याला फार झटके येत. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, हार्टफर्ड येथे स्कोव्हिल नावाच्या सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा तो भाग बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले, पण नवी आठवण बनणेच थांबले. बुद्धी चांगली, बोलणे चांगले, लहानपणचे आठवे. मात्र नुकतेच जेवलो की नाही ते सांगता येईना. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि दर भेटीत त्या त्याला नव्यानेच भेटत. त्यांनी त्याला एक काम दिले. आपला हात फक्त आरशात बघायचा आणि कागदावरच्या चांदणीच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. कोणी करून बघावे, हात उलटाच जातो. तीन दिवस सराव झाला. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईने फिरू लागला, पण हे काम आपण पूर्वी कधी केले आहे याची त्याला गंधवार्ता नव्हती. हात शिकला होता, माणसाला ठाऊक नव्हते. हेन्री २००८ साली ८२ व्या वर्षी वारला, आणि त्याचे खरे नाव जगाला त्यानंतरच कळले. तोवर पुस्तकांतून त्याची दोन आद्याक्षरेच छापली जात.

हेन्रीचे दुखणे शस्त्रक्रियेचे होते. अपघाताचे उदाहरण हवे तर कॅनडातील टोरांटोकडचा केंट कॉक्रेन. १९८१ साली मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या डोक्याला जबर मार बसला. टल्व्हिंग नावाच्या शास्त्रज्ञांनी त्याला तपासले. आपल्या घरच्यांचे सुट्टीत राहायचे एक घर आहे आणि ते कुठे आहे हे त्याला माहीत होते, पण तिथे घालवलेला एकही दिवस आठवत नव्हता. बुद्धिबळ येते हे ठाऊक, पण कोणाशी खेळलो ते एकदाही आठवेना. म्हणजे माहितीचे खाते निराळे आणि घडलेल्या गोष्टींचे खाते निराळे. आपल्या घरातला माणूस बाजारभावावर नीट बोलतो आणि कालचे लग्न विसरतो, तेव्हा हे ध्यानात घ्यावे.

अपघाताच्या माराचे आणखी एक लक्षण आहे. डोके आदळले की मेंदू आतल्या आत हेलकावतो आणि कपाळामागचा व कानशिलामागचा भाग कवटीच्या खडबडीत हाडांवर घासला जातो. मेंदूतले बारीक तंतूही ताणले जाऊन तुटतात. कपाळामागचा भाग म्हणजे कामाची आखणी करणारा, काम सुरू करून देणारा आणि रागाला आवर घालणारा. तो दुखावला की माणूस ‘करतो’ म्हणतो आणि बसून राहतो, एकाएकी चिडतो, किंवा चारचौघांत नको ते बोलतो. आळशी झाला, तोंडाळ झाला असे लोक म्हणतात. वाईट याचे वाटते की हातपाय मोडलेल्या माणसाला सारा गाव उठून जागा देतो, आणि याला मात्र बोल लावतो.

आता घरच्यांनी करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे परीक्षा घेणे बंद करा. “काल कोण आलं होतं? आठव बघू. नीट आठव.” हा प्रकार घरोघरी चालतो, प्रेमापोटीच चालतो, पण त्याने नुकसान होते. पाठांतर करवून आठवण बळकट होते, हा समज खरा नाही. शब्दांच्या याद्या घोकून याद्या थोड्या पाठ होतील, पण गोळी घ्यायची आठवण त्याने येत नाही. शिवाय माणूस अंदाजाने चूक उत्तर देतो. धडधाकट माणसाला आपण चुकलो हे आठवते, म्हणून तो चुकीतून शिकतो. याला चूक झाल्याचे आठवत नाही, पण तोंडाला आणि हाताला तेच चुकीचे वळण पडते. इंग्लंडमध्ये बॅडली आणि बार्बरा विल्सन या दोघांनी १९९४ साली हे पडताळून दाखवले. एका वेळी रुग्णांना शब्दाची पहिली अक्षरे देऊन अंदाज करायला लावले आणि मग खरा शब्द सांगितला. दुसऱ्या वेळी अंदाज न करवता सरळ खरा शब्द सांगून लिहून घेतला. आठवण गेलेल्या रुग्णांना दुसऱ्या पद्धतीचा उघड फायदा झाला. म्हणून उत्तर आपणच आधी सांगावे, मग त्यांच्याकडून म्हणवून किंवा करवून घ्यावे.

समजा, गोळ्यांची जागा शिकवायची आहे. “गोळ्या फळीवरच्या निळ्या डब्यात हाएत,” असे सांगावे आणि त्यांनाच उठून डबा काढायला लावावा. लगेच विचारावे, गोळ्या कुठं? उत्तर आले की एक मिनिट इकडचे तिकडचे बोलून पुन्हा विचारावे. मग दोन मिनिटांनी, चार मिनिटांनी, आठ मिनिटांनी, असे अंतर वाढवत न्यावे. उत्तर अडले तर वाट न बघता सांगून टाकावे आणि अंतर कमी करावे. विचारणे आहेच, पण उत्तर तोंडावर ताजे असताना विचारायचे, म्हणजे चुकायला जागाच राहत नाही. एका वेळी एकच गोष्ट. डबा एकदा ठरला की दिवाळीच्या साफसफाईतही हलवायचा नाही. सुनांना हे निक्षून सांगावे, कारण गडबड इथेच होते.

दुसरी गोष्ट वही. कारकून जायबंदी आहे ना, मग वहीच कारकून करायची. विल्सनबाईंनी पुढे १९९६ साली इंग्लंडातील ईली गावी अशा रुग्णांसाठी केंद्र काढले. तिथल्यासारख्या केंद्रांतही बराच भर रोजवही, तक्ते, खुणा आणि गजर यांवरच असतो. वही जाडपुठ्ठ्याची घ्यावी. दोरीने पेन्सिल बांधावी. एका दिवसाला एक पान, डावीकडे ‘करायचे’ आणि उजवीकडे ‘झाले’. वहीला एकच खुंटी, आणि शेतात जाताना ती खिशात. मुख्य नियम एवढाच की काम झाल्याबरोबर, जागेवर उभे राहूनच लिहायचे. ‘घरी गेल्यावर लिहितो’ म्हटले की संपले. युरियाचे पोते रिकामे झाले, की लिहा: पूर्वेकडच्या पाच सऱ्या, एक पोते, तारीख. लिहिता येत नसेल तर खुणा चालतील. रिकाम्या पोत्याची चिंधी त्या सरीच्या तोंडाला बांधली तरी तीही नोंदच आहे. सकाळच्या चहाबरोबर, दुपारच्या जेवणाबरोबर आणि दिवेलागणीला वही उघडायची, म्हणजे वही बघणे हीच हाताची सवय होते. पहिले काही महिने घरच्यांपैकी कोणी तरी शेजारी बसून वही उघडून द्यावी लागते. चार दिवसांत जमत नाही म्हणून सोडून देणारेच जास्त असतात.

गजराचीही एक हकिगत आहे. कॅलिफोर्नियात एका इंजिनियर बापाचा मुलगा डोक्याच्या माराने असाच विसराळू झाला. ट्रेडगोल्ड हे त्या बापाचे आडनाव. हर्श नावाच्या मानसतज्ज्ञाच्या मदतीने त्याने कमरेला लावायचे एक छोटे यंत्र तयार केले. ठरल्या वेळी ते वाजे आणि त्यावर ‘गोळी घे’ अशी अक्षरे उमटत. इंग्लंडात विल्सनबाईंनी ते १४३ रुग्णांवर वापरून पाहिले आणि २००१ साली निष्कर्ष छापला. यंत्र जवळ असताना बहुतेकांची ठरलेली कामे लक्षणीय जास्त वेळा पार पडली. आज ते यंत्र विकत आणायला नको, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. मुलांनी त्यात गजर लावून द्यावेत. नुसता भोंगा नको, कारण वाजला कशासाठी हेच आठवत नाही. घरच्याच आवाजात भरून ठेवावे: “आबा, मोटर बंद करा.” आमच्या त्या सभासदांच्या फोनमध्ये धाकट्या मुलीचा आवाज आहे. वहिनींनी स्टार्टरच्या पेटीवर लाल रंगाने ‘वही बघा’ असेही लिहून घेतले. दुबार खत टाकणे त्यानंतर थांबले. विसरणे थांबलेले नाही. अजूनही मी गेलो की ते मला लागणीची तारीख विचारतात, पण आता विचारता विचारता खिशातली वही काढतात.

तिसरी गोष्ट रागाची. अमेरिकेत आयोवा येथे आठवण गेलेल्या रुग्णांना दुःखी चित्रपट दाखवून २०१० साली एक अभ्यास छापला गेला. चित्रपट काय होता ते रुग्ण लवकरच विसरले, पण मनावरचे दुःख रेंगाळत राहिले. यावरून उमजावे. तुम्ही सकाळी केलेला आरडाओरडा ते विसरतील, दुपारी मात्र घुम्यासारखे बसतील आणि का ते त्यांनाही सांगता येणार नाही.

शेतातले काम द्यावे का? जरूर द्यावे, पण निवडून. हाताच्या आठवणीची कामे, म्हणजे बेणे तोडणे, पाचट पसरणे, जनावरांची वैरण, सकाळच्या पहिल्या प्रहरात द्यावीत. हा मेंदू लवकर थकतो आणि थकला की विसर वाढतो. ट्रॅक्टर, मोटरसायकल, कडबाकुट्टी, विहिरीत उतरणे आणि रात्रपाळीचे पाणी मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्याखेरीज अजिबात नाही. एखादा झटका विहिरीच्या काठावर आला तर सगळेच संपले. झटक्याच्या गोळ्या ‘आता बरे आहे’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. दारू वर्ज्य.

अधिकारी म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. अशा सभासदाला तलाठ्याकडे किंवा सोसायटीत नेऊन कागदावर सही घेण्याचे प्रकार ऐकू येतात, त्यात भाऊबंदही असतात. सही करता येते याचा अर्थ सही कशावर केली ते ध्यानात राहते असा नाही. जमिनीचा, शेअरचा किंवा कर्जाचा कागद असेल तर घरच्या जबाबदार माणसाने तो आधी वाचावा, वकिलाला दाखवावा, आणि घाई करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगावे. लागणीच्या नोंदीची, तोडणीच्या तारखेची आणि बिलाची माहिती आमचे कर्मचारी घरच्यांना वाचून दाखवतील. गटऑफिसला तसे सांगून ठेवावे.

किती दिवसांत सुधारणा होते, हा प्रश्न सगळेच विचारतात. पहिल्या सहा महिन्यांत वेग जास्त असतो. पुढे तो मंदावतो, पण दोन वर्षे आणि त्यानंतरही थोडी थोडी सुधारणा चालू राहू शकते. वहीची आणि गजराची सवय तर कितीही उशिरा लावता येते. तपासणीसाठी मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ दोघे असलेले मोठे रुग्णालय बघावे. सोय होत असेल त्यांना बंगळूरचे निम्हान्स आहे. जाताना वही बरोबर न्यावी. डॉक्टरांनी “कसे वाटते?” म्हणून विचारले की रुग्ण बहुधा “बरं हाय” म्हणतो. महिन्याभरात झटका किती वेळा आला, कोणत्या गोळीनंतर झोप वाढली, कोणते काम राहिले आणि कोणते झाले, हे वहीच्या पानांतून डॉक्टरांना पाच मिनिटांत कळते. पान रिकामे असेल तर तेही त्यांना दाखवावे.